बेळगाव परिसरातील बँक लिलावाच्या मालमत्ता : नव्या संकेतस्थळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट एवढी बदलली का?

लिलावाची नोटीस पेपरात छापून येते ती कायद्याची अट पुरी करण्यासाठी. डोळे ताणून वाचावे लागणारे टाइप, एकाच चौकटीत अनेक कर्जदार, आणि प्रत्येकाच्या खाली चार ओळींच्या चतुःसीमा. आतापर्यंत साइटवर याच कात्रणांचे फोटो असायचे. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ते वाचता येत. मोबाइलवर मोठे केले की अक्षर फुटते. फोटोतल्या मजकुरात शोध घेता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल तो मजकूर वाचून दाखवू शकत नाही. म्हणून आता प्रत्येक नोटीस आम्ही युनिकोड मराठीत टाइप करून देतो आणि मूळ कात्रण खाली जोडतो.

रंग, चित्रे, सरकते फलक यांच्यावर वेळ घातलेला नाही. साध्या फोनवर, खानापूरच्या जंगलपट्ट्यात जेमतेम रेंज असतानाही पान उघडावे, एवढेच पाहिले.

यादीत किंमतीच्या आधी ‘ताबा’ का लिहिलेला असतो?

कारण लिलावात घर घेणाऱ्याची फसगत बहुधा किंमतीत होत नाही, ताब्यात होते.

बँक दोन प्रकारे ताबा घेते. सांकेतिक ताब्यात घराच्या दाराला नोटीस चिकटवली जाते आणि ती पेपरात येते. आत माणसे तशीच राहत असतात. प्रत्यक्ष ताब्यात घर रिकामे होऊन किल्ली बँकेकडे आलेली असते. सांकेतिक ताब्यावरही लिलाव होतो. पैसे भरून विक्री दाखला हातात पडला तरी घर मिळायला वेळ लागू शकतो. सरफेसी कायदा म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा. त्याच्या कलम १४ खाली बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. त्यांनी ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर एकूण ६० दिवसांत आदेश द्यावा असे कायदा म्हणतो. आदेशानंतर पोलीस बंदोबस्त, पंचनामा वगैरे पुढचे सगळे वेगळेच.

म्हणून नव्या साइटवर एखादी नोंद अशी दिसते (हा नुसता नमुना आहे, अशी मालमत्ता विक्रीला नाही):

*ताबा : सांकेतिक. घरात कुटुंब राहते.*
*अनगोळ, दुमजली घर, जागा १,०८९ चौरस फूट (१ गुंठा)*
*राखीव किंमत ४० लाख. अनामत ४ लाख.*
*लिलावाची फेरी : दुसरी. पहिल्या फेरीत बोली आली नाही.*
*नोटिशीत न दिलेली माहिती : बांधकाम परवाना, घरपट्टीची बाकी.*

राखीव किंमत म्हणजे बोलीची किमान रक्कम, अनामत म्हणजे बोली लावण्याआधी भरायची ठेव. शेवटची ओळ आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. नोटिशीत जे नाही ते मोकळे सोडले की वाचकाला वाटते, काही अडचण नसावी. म्हणून तिथे ‘नोटिशीत दिलेले नाही’ असे स्पष्ट लिहायचे ठरवले. एजंट मंडळींना ही ओळ आवडलेली नाही. ती राहणार आहे.

कर्जदाराचे नाव आता दिसत नाही. ते का काढले?

हे आम्ही जाणूनबुजून केले आहे, आणि यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी, त्यातले एक त्या भागात चांगला खप असलेले स्थानिक भाषेतले असावे, असे नियम सांगतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये बँकांना त्यांच्या ताब्यातल्या मालमत्तांची आणि कर्जदारांची यादी स्वतःच्या वेबसाइटवर लावायला सांगितले. बँकेची ती जबाबदारी आहे, आमची नाही. आज छापलेला पेपर उद्या रद्दीत जातो. इंटरनेटवरचे पान मात्र जात नाही. दहा वर्षांनी त्या घरातल्या मुलीचे स्थळ पाहताना किंवा मुलाच्या नोकरीच्या वेळी कुणी आडनाव टाकून शोधले, तर पहिल्यांदा लिलावाची नोटीस पुढे येऊ नये. कर्ज बुडाले ते बापाचे किंवा त्याने जामीन राहिलेल्या मित्राचे. बेळगाव, शहापूर, वडगावसारख्या ठिकाणी गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे नाव छापून येण्याची शिक्षा थकबाकीपेक्षा मोठी होते.

खरेदीदाराला नाव लागते, हे खरे आहे. ईसी (मालमत्तेवरच्या बोजांचा दाखला) काढताना, कोर्टात दावा आहे का पाहताना लागतेच. त्यासाठी मूळ नोटिशीची लिंक आणि बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याचे पद दिलेले असते. आमच्या खाली जोडलेल्या कात्रणात नाव झाकलेले आहे. ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो एक पाऊल पुढे जाऊन बँकेकडून नाव घेतो. नुसते चाळणाऱ्याला ते मिळत नाही.

फोटोंचेही तेच. फोटो फक्त रस्त्यावरून काढलेले घेतो. दारावरची नावाची पाटी, अंगणातली माणसे, वाळत घातलेले कपडे यातले काही दिसत असेल तर फोटो लावत नाही. नकाशावर नेमक्या घराऐवजी गल्लीचा ठिपका दिसतो. विक्री झाली की घर क्रमांकही काढून टाकतो. परिसर, क्षेत्रफळ आणि विक्रीची किंमत कळली असेल तर ती, एवढेच पुढच्या खरेदीदारांच्या अंदाजासाठी ठेवतो.

६० दिवसांच्या नोटिसा तुम्ही का टाकत नाही? त्या आधी कळल्या तर आम्हाला घरमालकाशी थेट बोलता येईल.

सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस म्हणजे बँकेने कर्जदाराला ६० दिवसांत पैसे भरायला सांगणे. त्या काळात तो पैसे उभे करू शकतो, आक्षेप नोंदवू शकतो, स्वतः गिऱ्हाईक शोधून चांगल्या भावात घर विकूही शकतो. अशा वेळी त्याच्या दारात स्वस्तात मागणारे उभे करणे आम्हाला मान्य नाही. लिलावाची विक्री नोटीस निघाल्यावरच मालमत्ता यादीत येते.

शोधात गाव सापडत नाही, तरी नोटीस असते. असे का होते?

पूर्वी होत होते, आता पुष्कळ कमी झाले आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदांवर शहराचे नाव बेळगावी झाले. जुनी खरेदीपत्रे बेळगाव म्हणतात. एकाच गावाची रोमन लिपीतली स्पेलिंगे तीन-तीन प्रकारची असतात. आता ‘टिळकवाडी’ ला ‘तिलकवाडी’ लिहिले, ‘येळ्ळूर’ मध्ये एकच ळ टाइप केला, ‘निपाणी’ ऐवजी ‘निप्पाणी’ लिहिले, तरी तीच यादी येते. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि डोळ्याला सारखा दिसला तरी संगणकाला वेगळा असतो. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरातून चिकटवलेले शब्द तर अजिबात सापडत नसत. ही सगळी रूपे शोधात एकत्र केली आहेत.

तालुक्यांचा घोळ याहून मोठा होता. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात, कागवाड अथणीत, मूडलगी गोकाकमध्ये आणि कित्तूर बैलहोंगलमध्ये होते. आता हे स्वतंत्र तालुके आहेत, पण बँकेकडे तारण ठेवलेले कागद जुने असले तर नोटिशीत जुनाच तालुका येतो. आता कुठलाही तालुका निवडा, दोन्ही नोंदी दिसतील आणि ‘कागदावर जुना तालुका’ अशी खूण असेल.

क्षेत्रफळ कधी गुंठ्यात, कधी चौरस मीटरमध्ये. काय धरायचे?

नोटिशीतला आकडा जसाच्या तसा ठेवतो आणि शेजारी चौरस फूट देतो. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. एक लक्षात ठेवा, जागेचे आणि बांधकामाचे क्षेत्रफळ वेगवेगळे असते. काही नोटिशींत नुसता एक आकडा असतो आणि तो कशाचा हे सांगितलेले नसते. तिथे आम्ही तसे लिहितो.

नोटीस कन्नडमध्ये, तुमचे पान मराठीत. फरक पडला तर खरे काय मानायचे?

मूळ नोटीस. आमचा मजकूर समजून घेण्यासाठी आहे. सीमाभागात हा प्रश्न रोजचा आहे: बँकेची नोटीस इंग्रजी आणि कन्नडमध्ये, उताराही कन्नडमध्ये, आणि घर घेणारी आजी मराठीशिवाय काही वाचत नाही. म्हणून मराठी पान पहिले ठेवले, कन्नड आणि इंग्रजी पाने त्याच माहितीवर चालतात. आकडे, तारखा, सीटीएस (सिटी सर्व्हे) क्रमांक आणि चतुःसीमा तिन्ही पानांवर एकाच ठिकाणाहून येतात, त्यामुळे एका भाषेत २२ आणि दुसरीत २७ असे होण्याला जागा उरत नाही.

पतसंस्था आणि सोसायट्यांचे लिलाव वेगळ्या रकान्यात का?

कायदा वेगळा आहे म्हणून. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, आणि सहकारी बँकाही, सरफेसी कायद्याखाली लिलाव करतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही यावर बरीच वर्षे वाद होता. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो लागू असल्याचा निकाल दिला. तो खटला आपल्या शेजारच्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता.

पतसंस्था आणि सौहार्द सोसायटी म्हणजे बँक नव्हे. त्यांची वसुली सहकार कायद्याखाली, लवादाचा किंवा सहकार खात्याचा निवाडा आणि त्यानंतर अंमलबजावणी अशा वाटेने जाते. मुदती वेगळ्या, अपिलाची जागा वेगळी. बेळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली सोसायट्या असल्याने ही सरमिसळ धोक्याची आहे. म्हणून दोन रकाने, आणि प्रत्येक रकान्यावर कायद्याचे नाव.

सरकारी बँकांचे बहुतेक ई-लिलाव जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या देशपातळीवरच्या पोर्टलवर दिसतात. तिथे बोली लावता येते, आमच्याकडे नाही. आमचे काम स्थानिक: गल्ली, कागद, ताबा.

शेतजमीन का दिसत नाही?

सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर ही कारवाई होत नाही. बिगरशेती झालेली जमीन किंवा प्लॉट असेल तरच सापडेल. कागदावर शेती आणि प्रत्यक्षात शेड असे प्रकार महामार्गालगत दिसतात. अशा नोंदीवर ‘बिगरशेती आदेश पाहा’ असा शेरा असतो.

पैसे नेमके कधी आणि किती भरायचे?

वरच्या नमुन्यावरच पाहू. राखीव किंमत ४० लाख, अनामत ४ लाख. समजा तुमची बोली ४२ लाखांवर अंतिम ठरली. त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, २५ टक्के म्हणजे १०.५ लाख पुरे करायचे. अनामत त्यात धरली जाते, म्हणजे आणखी ६.५ लाख. राहिलेले ३१.५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. भरले नाहीत तर भरलेले पैसे जप्त होतात आणि मालमत्ता पुन्हा लिलावात जाते.

नव्या पानावर बोलीचा आकडा टाकला की हे सगळे आकडे समोर येतात. ५० लाख किंवा त्यापुढची बोली असेल तर १ टक्का टीडीएसही दाखवतो. गृहकर्जावर विसंबून बोली लावणार असाल तर कर्ज आधी मंजूर करून घ्या; १५ दिवसांत मूल्यांकन, कायदेशीर अहवाल आणि मंजुरी हे सगळे क्वचितच होते.

कुठले कागद पाहायचे? साइटवर मिळतील का?

कागद साइटवर मिळणार नाहीत, पण प्रत्येक मालमत्तेला कुठले लागतील ते पानावर असते. यादी जागेनुसार बदलते आणि हाच आमच्या कामाचा सगळ्यात किचकट भाग होता.

शहरातल्या गल्लीतले घर असेल तर सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेचा ई-आस्थी खाते उतारा आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी. ईसी म्हणजे त्या मालमत्तेवर नोंद झालेले व्यवहार आणि बोजे. शक्य तितक्या मागच्या वर्षांपासूनची काढा. कोल्हापूरच्या पाहुण्यांना सात-बारा आणि इंडेक्स टू माहीत असते, इथे त्यांची जागा उतारा आणि ईसी घेतात. कंग्राळी, हिंडलगासारख्या शहराला लागून वाढलेल्या गावांतल्या जागेला ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ पाहिजेत. ११ नंतर ‘बी’ असेल तर थांबा आणि वकिलाला दाखवा. रीतसर बिगरशेती किंवा मंजुरी नसलेल्या जागांची नोंद ‘११ बी’ मध्ये असते.

कॅम्पमधली मालमत्ता असेल तर वेगळाच विषय. कँटोन्मेंट हद्दीतल्या अनेक बंगल्यांची जमीन लीजवर किंवा जुन्या ग्रँटवर असते, जमिनीची मालकी संरक्षण खात्याची. औद्योगिक वसाहतीतल्या शेडचेही पाहावे लागते: प्लॉट विकलेला आहे की लीजवर, हस्तांतराला परवानगी कुणाची लागते.

वडगाव-खासबागच्या बाजूला विणकरांची घरे आहेत. खालच्या खोलीत माग, वर संसार. घर तारण असले म्हणून माग तारण असतोच असे नाही. ‘आतल्या मशिनरीसह’ असे नोटिशीत स्पष्ट नसेल तर माग तुमचा नाही. त्यावर एखाद्याचे पोट चालू असते.

आधीच्या मालकाचे वीजबिल, घरपट्टी कोणी भरायची?

लिलाव ‘आहे तसे, आहे तिथे’ या अटीवर होतो. मागच्या मालकाची विजेची थकबाकी नव्या जोडणीसाठी खरेदीदाराकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. तेव्हा बोलीआधी हेस्कॉम या वीज कंपनीच्या ऑफिसात ग्राहक क्रमांक देऊन बाकी विचारा. घरपट्टी-पाणीपट्टीचेही तसेच. बंद पडलेला कारखाना असेल तर हा आकडा लाखांत जाऊ शकतो.

आमचेच घर तुमच्या यादीत आहे. आम्ही काय करायचे?

प्रत्येक मालमत्तेच्या पानावर, बोलीच्या माहितीच्या वर, ‘हे तुमचे घर आहे का?’ असे बटण ठेवले आहे. लिलावाच्या साइटवर असे काही नसते. आम्हाला ते हवे होते. दाबल्यावर तुमचे नाव-नंबर काही विचारले जात नाही.

तिथे थोडक्यात असे आहे. ६० दिवसांची नोटीस हातात असेल आणि हिशोब चुकीचा वाटत असेल तर बँकेला लेखी आक्षेप द्या, पोच घ्या. बँकेने १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यायचे असते. तोंडी बोलण्यावर राहू नका. पूर्ण बाकी आणि खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर विक्री नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत वेळ असे, आणि लोक अजून त्याच समजुतीत राहतात. म्हणून ही गोष्ट आम्ही ठळक अक्षरात लिहिली आहे: पेपरात नोटीस येण्याच्या आधी हालचाल करा.

ताबा घेताना किंवा लिलाव काढताना बँकेने नियम पाळले नसतील, जसे की विक्रीपूर्वीची ३० दिवसांची नोटीस मिळाली नाही, तर त्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. ते बेंगळूरला आहे. बेळगावच्या दिवाणी कोर्टात स्थगिती मिळवून देतो असे कुणी म्हणाले तर सरफेसी कायद्याचे कलम ३४ दाखवा, दिवाणी कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचे ऑफिस जिल्हा न्यायालयात आहे, तिथे विचारा. जामीनदारांनी आणि भाडेकरूंनीही ते पान वाचावे. रीतसर भाडेकराराच्या जोरावर भाडेकरूलाही न्यायाधिकरणात दाद मागता येते.

घर विकून कर्ज फिटल्यावर पैसे उरले तर ते तुमचे आहेत. बँकेकडे हिशोब लेखी मागा.

थांबलो तर राखीव किंमत कमी होते का?

बोली आली नाही तर बँक पुढच्या फेरीत किंमत उतरवू शकते, म्हणून मागच्या फेऱ्या पानावर दिसतात. पण सलग फेऱ्या रिकाम्या जातात तेव्हा आधी ताबा आणि कोर्टाचा रकाना वाचा.

जुन्या लिंका चालतील का?

हो. व्हॉट्सअॅपवर फिरलेली जुनी लिंक नव्या पानावर आपोआप जाते. लिलाव होऊन गेला असेल तर वर तारखेसह ‘मुदत संपली’ असे दिसते.

तुमच्या नावाने एकाने टोकन मागितले. द्यायचे का?

नाही. आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही आणि आमचा एजंट नाही. अनामत फक्त नोटिशीत दिलेल्या बँक खात्यात किंवा अधिकृत लिलाव पोर्टलवर भरायची. यूपीआयचा क्यूआर पाठवणाऱ्याला पैसे देऊ नका.

चंदगड, गडहिंग्लजच्या मालमत्ता घालणार का?

सध्या नाही. माणसे एकच असली तरी कागद, नोंदणी आणि न्यायाधिकरण महाराष्ट्राचे. अर्धवट माहितीवर ती यादी सुरू करायची नाही.

पानावर चूक दिसली तर?

प्रत्येक रकान्याशेजारी छोटी खूण आहे, ती दाबून काय चुकले ते लिहा. मराठीत, कन्नडमध्ये, जमेल तसे. बोलून पाठवलेला आवाजही चालतो. मूळ नोटीस किंवा बँकेचे शुद्धिपत्रक पाहूनच बदल करतो, आणि जुना आकडा पुसून टाकत नाही. तो खोडलेला दिसतो, बाजूला बदलाची तारीख असते. लिलावाला दोन दिवस उरले असताना केलेली दुरुस्ती पानाच्या अगदी वर येते, आणि त्या मालमत्तेची सूचना मागितलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी मेसेज जातो.